गिट लॉगची यादी: कोणासाठी, कोणत्या तारखेची आणि कशी

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी टीम आहे. मालकाला दर महिन्याला झालेल्या कामाची यादी लागते. गिट लॉग काढला की एकेका कमिटला पाच-सहा ओळी येतात, वनलाइन केलं की तारीख आणि नाव गायब. एका ओळीत तारीख, नाव, काम असं कसं काढायचं? एक्सेलमध्ये टाकलं की मराठी अक्षरांचा पार चुराडा व्हायलाय. आणि मार्चची यादी काढायलो तर काही कामं एप्रिलमध्ये दिसायलीत, हे कशामुळं?"

यात तीन प्रश्न आहेत. (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, कमिट म्हणजे त्यातली एक नोंद आणि लॉग म्हणजे त्या नोंदींची यादी.) पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे, दुसऱ्याचं थोडं खटपटीचं आहे. तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता विचारलाय, पण खरी अडचण तिथेच आहे. ओळ कितीही देखणी काढली तरी त्या ओळीतली तारीख कशाची हे टीमचं आधी ठरलेलं नसेल, तर यादी दर महिन्याला भांडण लावणार. मी छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या कारखान्यांसाठी माल-पाठवणीची सॉफ्टवेअरं करतो. तिथेही महिनाअखेरीला अशीच यादी द्यावी लागते, म्हणून कामात जे वापरतो तेच सांगतो.

लिहिण्याची पद्धत आधी सांगून ठेवतो. फोनवर सहकाऱ्याला आज्ञा सांगावी तशा मी त्या देवनागरीत लिहितोय. की-बोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे टाइप करायचे. टक्क्यानंतरची अक्षरं लहानच समजा, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

तर पहिलं. नुसतं गिट लॉग म्हटलं की जे दिसतं त्याला गिट 'मीडियम' म्हणतो: पूर्ण चाळीस अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण), लेखक, तारीख, मग संदेश. वनलाइन, शॉर्ट, फुल, फुलर असे आणखी तयार साचे आहेत. तुम्हाला हवा तसा त्यात नाही, म्हणून आपला स्वतःचा द्यायचा:

गिट लॉग --डेट=शॉर्ट --फॉरमॅट="%एच %एडी %एएन %एस"

एच म्हणजे आखूड हॅश. तो साधारण सात अक्षरांचा असतो, रिपॉझिटरी (प्रकल्पाचा सगळा नोंदसाठा) मोठी होत गेली की गिट आपणहून त्याची लांबी वाढवतो. एडी म्हणजे लेखकाची तारीख, एएन म्हणजे लेखकाचं नाव, एस म्हणजे संदेशाचा विषय. मधल्या जागा, स्वल्पविराम, उभ्या रेघा तुम्ही लिहाल तशा उमटतात. टक्का-एन लिहिलं तर तिथे नवी ओळ सुरू होते. यंत्रणा एवढीच आहे, बाकी अक्षरांची यादी गिटच्या मदतपानावर 'प्रीटी फॉरमॅट्स' या भागात मिळते.

विषयाबद्दल मात्र एक बारकावा आहे आणि तो तुमच्या यादीत नक्की डोकावणार. टक्का-एस म्हणजे संदेशाची पहिली ओळ, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात गिट पहिली रिकामी ओळ येईपर्यंतचा सगळा मजकूर विषय मानतो आणि त्या ओळी एकमेकींना जोडून एकच ओळ करतो. त्यामुळे टीममधल्या कोणी रिकामी ओळ न सोडता खाली चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं, की यादीत त्याची एकच ओळ स्क्रीनभर पसरते. फॉरमॅट बदलून हे सुटत नाही. कमिट लिहिताना पहिल्या ओळीनंतर एक ओळ मोकळी सोडायची, ही सवय टीमला लावावी लागते.

आता मूळ मुद्दा: यादी वाचणार कोण? माझ्या मते फॉरमॅट ठरवण्याआधी हे ठरवावं. मी स्वतः रोज लॉग बघतो तेव्हा मला शाखा (कामाच्या वेगळ्या वाटा) कुठे फुटल्या, कुठला टॅग (कमिटला दिलेलं नाव) कुठे आहे हे हवं असतं, तारीख ढोबळ चालते. एक्सेलला किंवा स्क्रिप्टला रकाने काटेकोर लागतात, रंग अजिबात नको असतो. आणि मालकाला हॅशशी देणंघेणं नसतं. त्याला "हमालीची रक्कम पूर्ण रुपयात आणली" हे वाक्य आणि त्यापुढे तारीख हवी. हे तीन वाचक आहेत आणि तिघांसाठी एकच ओळ बनवायला गेलात तर ती कोणाच्याच कामाची राहत नाही. तीन वेगळी नावं देऊन तीन फॉरमॅट ठेवा. त्याची सोय गिटमध्येच आहे, पुढे सांगतो.

त्याआधी तारीख, कारण मार्चचं काम एप्रिलमध्ये जाण्याचं मूळ इथे आहे.

प्रत्येक कमिटमध्ये दोन तारखा असतात. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं तेव्हा तिथे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलने यायचे. लिहिणारा एक, तो मुख्य कोडमध्ये लावणारा दुसरा. म्हणून गिट दोघांचीही नोंद ठेवतो: लेखक आणि कमिटर, प्रत्येकाचं नाव आणि तारीख वेगळी. तुमच्या अडतीच्या धंद्यातच बघा, माल आवारात उतरला ती तारीख एक आणि पट्टी झाली ती तारीख दुसरी. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवसाच्या असतात म्हणून कोणाचं लक्ष जात नाही, पण वाद होतो तो त्या न जुळणाऱ्या दोन-चार नोंदींवरूनच.

साध्या कमिटमध्ये दोन्ही तारखा सारख्याच असतात. पण तुम्ही रिबेस केलं (कमिटं उचलून दुसऱ्या जागी मांडली), चेरी-पिक केलं (एखादं कमिट दुसऱ्या शाखेवर घेतलं) किंवा कमिट अमेंड केलं (झालेलं कमिट दुरुस्त केलं) की लेखकाची तारीख जुनीच राहते आणि कमिटरची तारीख आजची होते. समजा, तुमच्यातल्या एकाने ३० मार्चला काम लिहिलं आणि २ एप्रिलला मुख्य शाखेवर रिबेस केलं. टक्का-एडी ३० मार्च दाखवणार, टक्का-सीडी २ एप्रिल.

आणि ज्यावरून गोंधळ होतो ते हे: --सिन्स आणि --अनटिल हे पर्याय कमिटरची तारीख बघून गाळणी करतात. तुम्ही छापताय लेखकाची तारीख आणि गाळताय कमिटरच्या तारखेवर. म्हणून मार्चच्या यादीतून ते काम हुकतं, एप्रिलच्या यादीत येतं आणि तिथे त्याच्यापुढे ३० मार्च लिहिलेलं दिसतं. मालकाला वाटतं, ही मुलं मागचं काम पुन्हा दाखवायलीत. चूक कोणाचीच नसते. महिन्याच्या यादीत टक्का-एडी काढून टक्का-सीडी घातलं की निदान छापलेली तारीख आणि गाळणी एकमेकांशी जुळतात.

याला लागूनच आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या मुलाला मुद्दाम करून दाखवतो. --सिन्स=२०२४-०३-०१ असं लिहिलं तर तुम्हाला वाटतं, १ मार्चच्या मध्यरात्रीपासून. पण वेळ दिली नाही तर गिट त्या तारखेला सध्याची वेळ जोडतो. दुपारी चारला आज्ञा चालवली तर गणती १ मार्चच्या दुपारी चारपासून सुरू होते. अनटिलचंही तेच. म्हणजे एकच आज्ञा सकाळी चालवली तर वेगळी यादी, संध्याकाळी चालवली तर वेगळी. म्हणून वेळ कायम लिहायची:

--सिन्स="२०२४-०३-०१ ००:००:००" --अनटिल="२०२४-०४-०१ ००:००:००"

वेळेच्या पट्ट्याचंही बघा. --डेट=शॉर्ट तारीख दाखवताना ज्या मशीनवर कमिट झालं त्या मशीनचा पट्टा धरतो. आपल्या लॅपटॉपवर तो +०५३० असतो, पण भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो. अशा सर्व्हरवर बसून कोणी १ एप्रिलच्या रात्री दोनला घाईत दुरुस्ती कमिट केली, तर सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि यादीत ३१ मार्च उमटतो. यावर उपाय म्हणजे --डेट=शॉर्ट-लोकल. मग सगळ्या तारखा तुम्ही आज्ञा चालवताय त्या मशीनच्या वेळेत दिसतात. यादी सर्व्हरवरच क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीने) काढत असाल तर टीझेड हे चल एशिया/कोलकाता असं ठरवून मग आज्ञा चालवा, म्हणजे सिन्स-अनटिलही आपल्या वेळेने मोजले जातील. टक्का-एएस किंवा टक्का-सीएस असं लिहून छोटी तारीख थेटही मिळते. ती लिहायला सोपी आहे, पण ती --डेटचं ऐकत नाही आणि कमिटच्याच पट्ट्यात राहते. मिसळलेल्या पट्ट्यांच्या रिपॉझिटरीत म्हणूनच मी ती वापरत नाही.

आपल्याकडे आणखी एक परिस्थिती नेहमीची आहे. भारनियमनात किंवा नेट बंद असताना माणूस लॅपटॉपवर कमिट करत राहतो आणि दोन-तीन दिवसांनी एकदम पुश करतो. पुश कधी झालं, म्हणजे काम सर्व्हरवर कधी पोहोचलं, हे कमिटमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ना लेखकाच्या तारखेत, ना कमिटरच्या. त्यामुळे ३१ तारखेला यादी दिली आणि ३ तारखेला कोणी जुनी कमिटं पुश केली, तर ती मार्चच्या यादीत मागाहून घुसतात. यादी दिल्यावर ती बदलणं मालकाला अजिबात आवडत नाही आणि त्यात त्याचं बरोबरच आहे.

म्हणून माझा सल्ला असा: महिन्याची यादी तारखेवरून काढूच नका, टॅगवरून काढा. महिनाअखेरीला मुख्य शाखेवर एक टॅग लावायचा, नाव इंग्रजीत काहीही ठेवा, समजा फेब-२०२४ आणि मार्च-२०२४. मग:

गिट लॉग --नो-मर्जेस फेब-२०२४..मार्च-२०२४

मधल्या दोन टिंबांचा अर्थ, दुसऱ्या टॅगपर्यंत पोहोचणारी पण पहिल्या टॅगमध्ये नसलेली सगळी कमिटं. इथे कुठलीच तारीख बघितली जात नाही. फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चमध्ये मुख्य शाखेत आलेलं काम मार्चमध्ये येतं, एकदाच येतं, आणि उशिरा पुश झालेलं काम पुढच्या महिन्यात जातं. मालकाच्या मनात 'झालेलं काम' म्हणजे त्याच्या दुकानात पोहोचलेलं काम असतं, ते या यादीशी जुळतं. फक्त एक लक्षात ठेवा, साधं पुश केल्याने टॅग सर्व्हरवर जात नाही, तो वेगळा पुश करावा लागतो. सोयाबीनच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्याकडेही रोज दुरुस्त्या जात असतील. तेव्हा महिन्याऐवजी प्रत्येक आवृत्तीला टॅग लावलात तर आणखी सोयीचं पडेल.

ते --नो-मर्जेस घालायचं की नाही, हे तुमच्या पद्धतीवर आहे. शाखा साध्या मर्ज (एकत्र) होत असतील तर मर्ज कमिटचे विषय "मर्ज ब्रँच अमुक" असे असतात, यादीत ते कचराच, काढून टाका. उलट तुम्ही प्रत्येक कामाची शाखा मर्ज करताना नीट शीर्षक देत असाल, तर --फर्स्ट-पॅरेंट घाला. मग मधली बारीकसारीक कमिटं लपतात आणि एका कामाची एक ओळ राहते. स्क्वॉश करून एकच कमिट करत असाल तर यातलं काहीच लागत नाही. मात्र गिटहबच्या वेबपानावरून स्क्वॉश केलेल्या कमिटमध्ये कमिटर म्हणून 'गिटहब' असं नाव पडतं, त्यामुळे नाव कायम लेखकाचंच घ्या. तारीख कमिटरची आणि नाव लेखकाचं, ही जोडी महिन्याच्या यादीसाठी बरोबर बसते.

नावावरून आठवलं. एकच मुलगा घरच्या लॅपटॉपवर पूर्ण नावाने कमिट करतो, ऑफिसात नुसत्या आडनावाने आणि सर्व्हरवर 'रूट' म्हणून. यादीत ती तीन माणसं दिसतात. रिपॉझिटरीच्या मुळाशी .मेलमॅप नावाची साधी मजकूर फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत आधी हवं ते नाव, मग कोनी कंसात हवा तो ईमेल, मग पुन्हा कोनी कंसात कमिटमध्ये पडलेला ईमेल. आणि फॉरमॅटमध्ये टक्का-एएन लिहिताना दुसरं अक्षर मोठं करा. लहान एन कमिटमध्ये जसं आहे तसं नाव देतो, मोठा एन मेलमॅप बघून दुरुस्त नाव देतो. इतिहास न बदलता नावं सुधारण्याचा हाच सभ्य मार्ग आहे. मेलमॅपमध्ये तुम्ही मराठीत नाव लिहिलंत तर यादीतही ते मराठीत येतं.

आता एक्सेल. इथे पहिला मोह होतो स्वल्पविराम घालून सीएसव्ही बनवण्याचा. तो टाळा. "पट्टी: हमाली, तोलाई वेगळी दाखवली" असा एक विषय आला की रकाना फुटतो. अवतरण चिन्हं घालून सुटेल म्हणाल, तर विषयातच अवतरण चिन्ह असलं की तेही फुटतं, कारण गिट तुमच्यासाठी ते सांभाळत नाही. टॅब वापरा. कमिटच्या विषयात टॅब जवळपास कधीच नसतो. फॉरमॅटमध्ये टॅब टक्का-एक्स-०-९ असा लिहितात:

गिट लॉग --नो-मर्जेस --डेट=शॉर्ट-लोकल --फॉरमॅट="%सीडी%एक्स०९%एएन%एक्स०९%एस%एक्स०९%एच" फेब-२०२४..मार्च-२०२४ > यादी.टीएसव्ही

इथेही एएनमधला एन मोठा. संदेशाचा खालचा मजकूर, म्हणजे टक्का-बी, या फाइलमध्ये घालू नका. त्यात नव्या ओळी असतात आणि एक कमिट पाच ओळींत विखुरतं. तारीख या फाइलमध्ये वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवा. दिवस/महिना/वर्ष असं पाठवलं आणि समोरच्याचं एक्सेल अमेरिकन मांडणीवर असलं की ५ मार्चचा ३ मे होतो.

मराठी अक्षरांचा चुराडा होतो त्यात गिटचा दोष नसतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, पण दोनदा टिचकी मारून उघडली की एक्सेल ती विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) वाचतं. म्हणून फाइल थेट न उघडता डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, एन्कोडिंगमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा आणि विषय व हॅश या दोन्ही रकान्यांचा प्रकार टेक्स्ट करा. टेक्स्ट का? हॅशमध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ अक्षरं असतात. एखाद्या हॅशमध्ये नेमके सगळे आकडे आणि मधे एकच 'ई' आला, तर एक्सेल ती घातांकातली संख्या समजून भलताच मोठा आकडा दाखवतं. विषय उणे चिन्हाने किंवा बरोबरच्या चिन्हाने सुरू झाला तर ते त्याला सूत्र समजतं. विंडोजवर ही फाइल शक्यतो गिट बॅशमधून बनवा. तिथलं जुनं पॉवरशेल बाणाने फाइलमध्ये लिहिताना एन्कोडिंग बदलतं आणि मग पुढे एक्सेलमध्ये कितीही खटपट केली तरी मराठी परत येत नाही.

टक्क्याचीही दोन ठिकाणं जपा. विंडोजच्या बॅट फाइलमध्ये टक्का चलासाठी राखीव आहे, तिथे प्रत्येक टक्का दोनदा लिहावा लागतो. लिनक्सच्या क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ, तिथे त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. मी तर क्रॉनमध्ये फॉरमॅट लिहीतच नाही. एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहितो आणि क्रॉनला ती स्क्रिप्ट देतो. हातांनी चालते पण रात्री आपोआप चालत नाही, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हा टक्काच तपासतो.

स्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. --फॉरमॅट="..." आणि --प्रीटी=फॉरमॅट:"..." हे सारखेच वाटतात, पण नाहीत. पहिल्यात प्रत्येक कमिटनंतर नवी ओळ येते. दुसऱ्यात नवी ओळ फक्त दोन कमिटांच्या मधे येते, शेवटच्या कमिटनंतर येत नाही. डोळ्यांनी बघताना काही कळत नाही. पण शेलच्या 'व्हाइल रीड' फेऱ्यात ओळी वाचल्या की शेवटचं कमिट गळतं आणि डब्ल्यूसीने ओळी मोजल्या की एक कमी भरते. मोजणीत एक कमी येत असेल तर हेच कारण समजा. प्रीटीच वापरायचं असेल तर फॉरमॅटच्या जागी टीफॉरमॅट लिहा, ते पहिल्यासारखं वागतं.

टर्मिनलवर मराठी बघताना दोन अडथळे येतात. मराठी नावाच्या फाइली --नेम-ओन्लीने बघितल्या की उलट्या तिरक्या रेघांसह \३४०\२४४ असे आकडे दिसतात. गिट कॉन्फिगमध्ये कोअर.कोटपाथ हे फॉल्स करा, नावं सरळ दिसतील. आणि संदेशाच्या जागी कोनी कंसात ई०, ए४ अशी अक्षरं दिसत असतील तर ते लेस या पेजरचं (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रामचं) काम आहे. एलईएसएससीएचएआरएसईटी हे चल यूटीएफ-८ ठेवलं की मिटतं.

रकाने जुळवण्यासाठी गिटमध्ये चांगली सोय आहे: टक्का, डावा कोनी कंस आणि साध्या कंसात रुंदी, उदाहरणार्थ %<(१५,ट्रंक)%एएन. नाव पंधरा घरांत बसतं, लांब असलं तर कापून पुढे दोन टिंबं येतात. इंग्रजी नावांना हे सुरेख चालतं. मराठी नावांना मात्र रांग वाकडी होते, कारण काना, मात्रा, जोडाक्षरं किती घरं घेतात याचा हिशोब गिट, टर्मिनल आणि फॉन्ट आपापल्या परीने करतात. त्यावर मी वेळ घालवत नाही. हॅश आणि तारीख या ठरावीक लांबीच्या गोष्टी आधी घेतो, विषय आणि नाव शेवटी. मग जुळवायला काही उरतच नाही.

आता ही सगळी लांबण रोज टाइप करायची नाही. फॉरमॅटला नाव द्या:

गिट कॉन्फिग --ग्लोबल प्रीटी.रोज "%सी(ऑटो)%एच%डी %सीडी %एस, %एएन"

यातला ऑटोच्या आधीचा सी आणि शेवटच्या एएनमधला एन मोठा, कंसातल्या ऑटोमुळे हॅश आणि टॅग गिटच्या नेहमीच्या रंगात येतात. लहान डी म्हणजे शाखा आणि टॅगची नावं कंसासह. मग गिट लॉग --प्रीटी=रोज --ग्राफ असं म्हणा. अशीच मालकासाठी आणि एक्सेलसाठी दुसरी दोन नावं करा. नावाची जागा इंग्रजी अक्षरांतच लिहायची. आलियसपेक्षा (पूर्ण आज्ञेला दिलेल्या टोपणनावापेक्षा) हे मला आवडतं, कारण हेच नाव गिट शोलाही चालतं. तारखेची शैली मात्र या नावात बसत नाही, ती लॉग.डेटमध्ये वेगळी ठरवा. फॉरमॅट.प्रीटी या कॉन्फिगने संपूर्ण मशीनचा मूळ फॉरमॅटच बदलता येतो, पण ते करू नका. नुसतं गिट लॉग म्हणून त्यातून काही उपटणारी एखादी जुनी स्क्रिप्ट कोणाकडे तरी असतेच आणि ती त्या दिवसापासून गप्प चुकायला लागते.

मालकाच्या यादीत तक्रार क्रमांक हवा असेल तर तो विषयात कोंबू नका. संदेशाच्या तळाशी, रिकामी ओळ सोडून, "टिकिट: ४२" अशी ओळ लिहायची, त्यातलं 'टिकिट' इंग्रजी अक्षरांत. गिट याला ट्रेलर म्हणतो आणि फॉरमॅटमध्ये तेवढाच भाग उचलता येतो: %(ट्रेलर्स:की=टिकिट,व्हॅल्यूओन्ली,सेपरेटर=%एक्स२सी). सेपरेटर दिला नाही तर प्रत्येक मूल्यानंतर नवी ओळ येते आणि तुमचे रकाने पुन्हा मोडतात, म्हणून तो विसरू नका. आमच्याकडे मालकाच्या व्हॉट्सअॅपवर जाणारी ओळ या क्रमाने असते: तारीख, विषय, तक्रार क्रमांक. नाव नाही, हॅश नाही. तिथे तारीख --डेट=फॉरमॅट-लोकल:%डी-%एम-%वाय अशी देतो, त्यात वाय मोठा, म्हणजे ०५-०३-२०२४ असं आपल्या सवयीचं दिसतं. आणि विषय "पट्टी:", "काटा:", "खातं:" असे विभागाच्या नावाने सुरू करायची सक्ती आहे. "फिक्स", "चेंजेस", "फायनल" असे विषय असतील तर जगातला कुठलाही फॉरमॅट त्यातून मालकाला समजणारी यादी काढू शकत नाही.

हे सगळं लावण्याआधी सर्व्हरवर गिट --व्हर्जन बघून घ्या. टक्का-एएस, टक्का-सीएस हे जानेवारी २०२० च्या २.२५ आवृत्तीपासून आहेत. उबुंटू १८.०४ सोबत येणारं गिट २.१७ आहे, त्यावर ट्रेलरची वर लिहिलेली लांब रूपंही चालणार नाहीत. सेंटओएस ७ वर तर १.८.३ आहे, तिथे शॉर्ट-लोकलही नाही. ओळखीचं नसलेलं अक्षर आलं तर जुनं गिट चूक दाखवत नाही, टक्क्यासकट ते तसंच छापतं. यादीत तारखेच्या जागी टक्का-सीएस असंच उमटलेलं दिसलं तर फॉरमॅट तपासत बसू नका, गिट नवं टाका. किंवा रिपॉझिटरी आपल्या लॅपटॉपवर ओढून तिथून यादी काढा, माहिती तीच असते.